बाळाचें डोकें चपटें कां होतें?

पहिलटकरीण सून तिसरा महिना सरतां सरतां बाळाला घेऊन माहेराहून सासरीं येते. दारांत तिच्या पायांवर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, आणि घरांत पाऊल पडतें न पडतें तोंच बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरूं लागतें. कोणी म्हणतें नाक आजोबांचें, कोणी म्हणतें जिवणी आईची. एवढ्यांत घरांतील वडील आत्याबाई बाळाचें टोपडें काढतात, त्याच्या डोक्यावरून सवयीनें हात फिरवितात, आणि त्यांचा हात मागच्या बाजूस थबकतो. “अग बाई! उजव्या अंगानें माथा अगदींच चपटा झाला आहे कीं! माहेरीं कोणी बघणारें नव्हतें का ग? मोहरीची उशी सुद्धां दिली नाहीं वाटतें?” सून खालीं मान घालून म्हणते, “आत्याबाई, उशी मुळींच देऊं नका म्हणून डॉक्टरांनीं बजावलें होतें.” कोणी पुढें बोलत नाहीं, परंतु माहेरच्या हयगयीची नोंद सर्वांच्या मनांत होऊन जाते, आणि त्या मुलीचें पहिलें कौतुक तेथल्या तेथें विरतें.

थोड्याफार फरकानें असा प्रसंग पुष्कळ घरांत घडतो. डोक्याचा चपटेपणा ही गोष्ट लहान. पण तिच्या निमित्तानें दोन मोठ्या गोष्टी पणाला लागतात. एक, बाळाच्या आईची मनःशांति. आणि दुसरी, जी हिच्याहूनही मोठी, ती बाळाच्या जिवाची सुरक्षितता. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणें अवश्य वाटतें.

कवटीची घडण

नवजात बाळाची कवटी हें एकसंध हाड नव्हे. कपाळाचीं दोन, माथ्याच्या दोन अंगांचीं दोन आणि पाठीमागचें एक अशीं पातळ हाडें लवचिक शिवणींनीं एकमेकांना जोडलेलीं असतात. या हाडांचे कोपरे जेथें एकत्र येतात तेथें मऊ जागा राहते. तिलाच आपण टाळू म्हणतों. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांतच भरून येते. पुढची मोठी टाळू बहुधा १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते. निसर्गानें ही योजना दोन हेतूंनीं केलेली आहे. जन्माच्या वेळीं हाडें किंचित् एकमेकांवर सरकून डोकें बाहेर यावें हा एक, आणि जन्मानंतर झपाट्यानें वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळावी हा दुसरा. जन्मतः डोक्याचा घेर सुमारें ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारें २ सेंटिमीटर, पुढचे तीन महिने सुमारें १ सेंटिमीटर, आणि त्यापुढें वर्षअखेरपर्यंत महिन्याला सुमारें अर्धा सेंटिमीटर या गतीनें वाढतो. म्हणजे पहिल्या वर्षांत जी वाढ व्हावयाची तिचा अर्धा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो, आणि नेमक्या याच महिन्यांत बाळाला आपली मान स्वतः सांवरतां येत नाहीं.

परसांतील वेलीवरचा भोपळा ज्यांनीं पाहिला आहे त्यांना पुढची गोष्ट सांगावयास नको. मांडवावर लोंबणारा भोपळा सर्व अंगांनीं सारखा भरतो. जमिनीवर टेकलेला भोपळा ज्या अंगानें टेकला असेल त्या अंगाला चपटा राहतो आणि बाकीच्या अंगांनीं फुगतो. त्याला कोणी चेपलेलें नसतें. फक्त त्या बाजूला वाढावयास वाव मिळालेला नसतो. बाळाच्या डोक्याचेंही तसेंच आहे. नवजात मूल दिवसाच्या २४ तासांपैकीं १४ ते १७ तास झोंपतें. तेवढा वेळ डोकें एकाच जागीं टेकलें, तर तेथील वाढ थांबून इतर बाजूंनीं होते. एकदां सपाट जागा तयार झाली म्हणजे डोकें आपोआप त्याच जागेवर जाऊन स्थिरावतें, आणि चपटेपणा आणखी वाढतो.

हा चपटेपणा दोन प्रकारचा. पुष्कळशा बाळांत तो एका अंगाला असतो. वरून पाहिलें तर डोकें तिरप्या चौकोनासारखें दिसतें, त्या बाजूचा कान किंचित् पुढें आलेला असतो, आणि कधीं कधीं कपाळही त्या बाजूला जरा पुढें येतें. कांहीं बाळांत संपूर्ण पाठीमागचा भाग सपाट होऊन डोकें रुंद दिसतें. नवजात मुलांचा कल पुष्कळदां उजवीकडे तोंड करून पडण्याचा असतो, म्हणून उजवी बाजू अधिक वेळां चपटी आढळते. पहिलें मूल, जुळें मूल, अपुऱ्या दिवसांचें मूल, आणि ज्याच्या मानेचा एका बाजूचा स्नायु आंखडलेला आहे असें मूल, यांच्यांत ही गोष्ट अधिक दिसते. यांपैकीं एकही कारण आईच्या आळसाचें नाहीं, हें येथेंच नमूद करून ठेवतों.

उताणें कां निजवावयाचें?

आतां प्रश्न असा कीं, बाळ पाठीवर निजल्यानें डोकें चपटें होतें, तर त्याला पालथें किंवा कुशीवर निजवावें म्हणजे झालें. हाच विचार पाश्चात्य देशांत एके काळीं मोठमोठ्या तज्ज्ञांनीं केला होता. अमेरिकेचे डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचें बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ सालीं प्रसिद्ध झालें आणि लक्षावधि घरांत तें घरच्या वैद्यासारखें मानलें गेलें. १९५० नंतरच्या आवृत्तींत त्यांनीं बाळाला पालथें निजविण्याची शिफारस केली. कारणें दोन दिलीं: उताण्या मुलाला ओकारी झाली तर तें गुदमरेल, आणि एकाच बाजूला डोकें ठेवून तें डोकें चपटें होईल. दोन्ही कारणें ऐकावयास अगदीं शहाणपणाचीं वाटतात. परंतु त्यांचा परिणाम भयंकर झाला.

पूर्णपणें निरोगी दिसणारें तान्हें मूल रात्रीं निजवावें आणि सकाळीं तें मृत आढळावें, कारण मात्र कांहींच सांपडूं नये, असे प्रसंग त्या देशांत वर्षानुवर्षें घडत होते. हे मृत्यु बहुतांशीं पहिल्या सहा महिन्यांत, आणि त्यांतही पहिल्या ते चौथ्या महिन्याच्या दरम्यान होतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसूं लागली: मृत मुलांपैकीं पुष्कळशीं पालथीं निजविलेलीं होतीं. हॉलंडमध्यें १९८७ सालीं पालथें निजविण्याविरुद्ध प्रचार सुरू झाला; इंग्लंडमध्यें १९९१ सालीं झाला; अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९२ सालीं तीच सूचना दिली आणि १९९४ पासून देशभर मोहीम निघाली. पुढील दहा वर्षांत अमेरिकेंत अशा मृत्यूंचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. औषध नाहीं, लस नाहीं, शस्त्रक्रिया नाहीं. केवळ बाळाला उताणें निजविल्यानें हजारों मुलांचे जीव वांचले.

ओकारीची भीतिही निराधार ठरली. बाळ उताणें असतांना श्वासनलिका वर व अन्ननलिका खालीं असते. त्यामुळें वर आलेलें दूध श्वासनलिकेंत शिरण्यास चढ चढावा लागतो. पालथें असतांना स्थिति नेमकी उलट होते. कुशीवर निजविणेंही सुरक्षित मानीत नाहींत. कारण कुशीवरचें बाळ झोंपेंत सहज पालथें होतें.

मात्र स्पॉकांच्या दुसऱ्या कारणांत तथ्य होतें. उताणें निजविण्याची पद्धति रूढ होतांच चपट्या डोक्याचीं मुलें अधिक दिसूं लागलीं. कॅनडांतील कॅल्गरी शहरीं ७ ते १२ आठवड्यांचीं ४४० बाळें तपासलीं, तेव्हां त्यांपैकीं २०५ बाळांच्या, म्हणजे जवळ जवळ निम्म्यांच्या, डोक्यांत कमीअधिक चपटेपणा आढळला. हा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेकांचा दोष सौम्य होता. म्हणजे आत्याबाईंच्या हाताला जें लागलें तें कांहीं जगावेगळें नव्हे. आणि सौदा काय आहे तेंही उघड आहे: एका पारड्यांत बाळाचा जीव, दुसऱ्या पारड्यांत डोक्यावरची एक सपाट जागा. यांत निवड करावयाची वेळ आली तर कोणती आजी क्षणभर तरी विचार करील?

डोक्याचा आकार आणि माणसाचा अभिमान

डोक्याच्या आकाराला माणसानें आजवर वाजवीपेक्षां फार मान दिलेला आहे. इंग्रजी अमदानींतील सनदी अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनीं हिंदुस्थानांतील जातींचीं डोकीं व नाकें मोजून वंशांची वर्गवारी केली आणि ती १९०८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडली. महाराष्ट्रांतील ब्राह्मण व कुणबी यांचीं डोकीं रुंद भरलीं, एवढ्यावरून त्यांनीं या दोघांच्या अंगांत शक व द्रविड यांचें मिश्र रक्त असल्याचें अनुमान बांधलें! त्याच सुमारास गुस्ताव वाल्खर नांवाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञानें दाखवून दिलें होतें कीं, तान्हें मूल कसें व कशावर निजवितात यावरून त्याचें डोकें रुंद किंवा लांबट होऊं शकतें. अमेरिकेंत फ्रान्झ बोआस यांनीं सुमारें अठरा हजार माणसांचीं मापें घेऊन, परदेशांत जन्मलेल्या आईबापांचीं व त्यांच्या अमेरिकेंत जन्मलेल्या मुलांचीं डोकीं सारख्या मापाचीं नसतात, असें प्रतिपादन केलें. त्या फरकाच्या मोठेपणाविषयीं पुढें वाद झाले. तथापि जें माप पाळण्यांतील निजण्यानें सुद्धां हालतें, त्यावर वंशाचा इमला उभारणें किती कच्चें, हें कोणाच्याही ध्यानांत येईल. पूर्वीं वंश ठरविणारा हा माथा आज सुनेचें माहेर कसें आहे तें ठरवितो. न्याय तोच, फक्त न्यायाधीश निराळे.

मेंदूला इजा होते काय?

आईच्या मनांत खरी भीति असते ती ही. हिचें उत्तर स्पष्ट आहे: निजण्यानें आलेल्या चपटेपणामुळें मेंदूवर दाब पडत नाहीं. शिवणी मोकळ्या असल्यामुळें मेंदूची वाढ दुसऱ्या बाजूंनीं पुरी होते. कांहीं अभ्यासांत अशा मुलांची हालचाल थोडी मागें असल्याचें दिसलें आहे. परंतु जें मूल मुळांतच कमी हालचाल करतें तेंच एका जागीं अधिक पडून राहतें, असा त्याचा उलगडा संभवतो. म्हणून त्या मुलाच्या हातापायांच्या हालचालीकडे लक्ष ठेवावें. डोक्यामुळें बुद्धि मंद होईल ही धास्ती बाळगूं नये.

दोष कालांतरानें बराच भरूनही येतो. न्यूझीलंडमध्यें २०० मुलांचें जन्मापासून दोन वर्षांपर्यंत निरीक्षण केलें, त्याचा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांचीं असतांना १६ टक्के, चार महिन्यांचीं असतांना सुमारें २० टक्के, आणि दोन वर्षांचीं होतांच केवळ ३ टक्क्यांच्या जरा वर, असें चपट्या डोक्यांचें प्रमाण त्यांत आढळलें. मूल मान धरूं लागलें, पालथें पडूं लागलें, बसूं लागलें, म्हणजे डोक्याखालची जमीन सुटते आणि भोपळा मांडवावर चढतो.

उपाय घरांतच आहेत

पहिला उपाय, निजविण्याची दिशा बदलणें. बाळ उजेडाकडे, आईकडे, दाराकडे तोंड वळवितें. पाळणा भिंतीला लागून असेल तर भिंतीकडे बघण्यांत त्याला कांहीं गोडी नसते. तें सदैव एकाच अंगाला वळतें. म्हणून एके दिवशीं डोकें पाळण्याच्या या टोंकास, तर दुसऱ्या दिवशीं त्या टोंकास ठेवावें. चिमणाळें एकाच बाजूला बांधूं नये. खुळखुळाही चपट्या नसलेल्या बाजूनेंच वाजवावा. बाळ उताणेंच निजेल, फक्त त्याची मान आलटून पालटून वळेल. दूध पाजतांना व कडेवर घेतांनाही बाजू बदलावी.

दुसरा आणि सर्वांत गुणकारी उपाय, जागेपणीं पालथें ठेवणें. बाळ जागें असतांना, मोठें माणूस जवळ बसलेलें असतांना, पहिल्या दिवसांपासून दोन-तीन वेळां तीन ते पांच मिनिटें त्याला पोटावर ठेवावें. वेळ वाढवीत सातव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाकांठीं एकूण १५ ते ३० मिनिटांपर्यंत न्यावा. यानें डोक्यावरचा भार जातो, आणि मान, खांदे व पाठ बळकट होतात. झोंप येऊं लागतांच मात्र बाळाला उचलून उताणें करावें.

येथें आपल्या जुन्या रीतीची आठवण होते. न्हाऊं घालणारी बाई पाटावर बसून पाय लांब करते, त्या पायांवर बाळाला पालथें घालून पाठीला तेल चोळते, आणि बाळ मान उचलण्याची धडपड करतें. परदेशांतील डॉक्टर ज्याचा आग्रह धरतात तोच हा व्यायाम आपल्या न्हाणीघरांत पिढ्यान् पिढ्या होत आलेला आहे. एकत्र कुटुंबांत बाळ दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर असे. पाठ टेकावयास त्याला फुरसतच मिळत नसे. आज लहान बिऱ्हाडांत एकटी आई स्वयंपाक करतांना बाळाला बिछान्यांत, नाहीं तर कलत्या खुर्चींत, नाहीं तर मोटारींतील आसनांत ठेवते, आणि तेथेंही डोक्याची तीच जागा टेकलेली राहते. तेव्हां घरांतील आजी, आत्या, काका, आजोबा यांनीं दिवसांतून अर्धा अर्धा तास बाळ हातीं घेतलें, तर ती नुसती हौस नव्हे; ती चिकित्साच होय.

परंतु सगळ्याच जुन्या रीति अशा निर्धोक नाहींत. न्हाणाऱ्या बाईनें डोकें दोन्ही तळव्यांनीं दाबून “गोल करणें” व्यर्थ आहे. डोक्याचा आकार वाढीनें बदलतो, दाबानें नव्हे. तेलाचा हलका हात फिरवावा, जोर लावूं नये. मोहरीची उशी, कापडाची चुंबळ, मधें खळगा असलेली बाजारी उशी, यांपैकीं कांहींही झोंपलेल्या बाळाच्या डोक्याखालीं ठेवूं नये. उशीनें मान पुढें वांकून श्वास कोंडण्याचा संभव असतो. मऊ उशींत तोंड रुतलें तर बाळाला तें सोडवितां येत नाहीं. डोकें गोल करणाऱ्या अशा उशा वापरूं नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०२२ सालीं उघडपणें दिला आहे. बिछाना सपाट व घट्ट असावा, जवळ दुपट्यांचे ढीग नसावेत, इतकेंच पुरे.

परदेशांत डोक्याला घट्ट बसणारें टोपही वापरतात. तें दिवसाचे २३ तास घालावें लागतें आणि खर्च पुष्कळ येतो. हॉलंडमध्यें मध्यम ते बऱ्याच चपटेपणाचीं ८४ मुलें घेऊन यासंबंधीं प्रयोग झाला व तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. पांच-सहा महिन्यांच्या वयापासून निम्म्यांना सहा महिने टोप घातले, निम्म्यांना कांहीं केलें नाहीं. दोन वर्षांच्या वयीं दोन्ही गटांतील सुधारणा जवळ जवळ सारखीच भरली; पूर्ण बरें होण्याचें प्रमाण दोहोंकडे सुमारें चौथा हिस्सा. उरलेला दोष बहुधा किंचित् असतो आणि केंसांखालीं झांकला जातो. अगदीं तीव्र दोषाचीं मुलें या प्रयोगांत नव्हतीं. तशा मुलांसाठीं तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

डॉक्टरांकडे केव्हां जावें?

जन्मतःच डोकें वेडेंवांकडें असून सहा-आठ आठवड्यांत सुधारलें नाहीं. चपटेपणा बाजू बदलूनही वाढतच चालला. बाळ एका बाजूला मान वळवीतच नाहीं किंवा सदैव कलती ठेवतें. शिवणीवर हाताला कठीण उंचवटा लागतो. टाळू फुगलेली दिसते. किंवा डोक्याचा घेर वाढेनासा झाला अथवा भलताच वाढूं लागला, तर दिरंगाई करूं नये. मानेचा स्नायु आंखडलेला असल्यास सोपे व्यायाम असतात. ते जितक्या लवकर सुरू होतील तितका गुण चांगला. क्वचित् एखादी शिवण वेळेआधींच जुळून येते. तेथें शस्त्रक्रियेची गरज पडते. त्याची एक खूण अशी कीं, निजण्यानें आलेल्या चपटेपणांत त्या बाजूचा कान पुढें ढकलला जातो. मागची शिवण जुळली असेल तर तसा तो पुढें जात नाहीं, उलट पुष्कळदां मागें ओढलेला असतो. अंतिम निर्णय मात्र डॉक्टरांनींच द्यावयाचा.

आतां पुन्हां त्या दारांतील प्रसंगाकडे वळूं. आत्याबाईंच्या हातानें दोष अचूक ओळखला, यांत शंका नाहीं. असा अनुभवी हात घरांत असणें हें भाग्यच. सुनेनें उशी दिली नाहीं, हेंही तिनें अचूक केलें. चूक झाली ती एवढीच कीं, एकीच्या अनुभवानें दुसरीच्या दक्षतेवर ठपका ठेवला. त्याऐवजीं आत्याबाईंनीं टोपडें पुन्हां बांधून म्हणावें, “पोरी, तूं त्याला उताणेंच निजीव. जागा झाला कीं माझ्याकडे दे. मी त्याला पायांवर पालथा घालून खेळवीन.” एवढ्या दोन वाक्यांनीं बाळाचा माथा तर भरून येईलच, पण परक्या घरीं आलेल्या एका पोरीचें मनही भरून येईल.